व्हॅम्पायरचा उजवा सुळा

मी एक जुना सुळा आहे. हत्तीचा नाही की वाघाचा नाही. नखाएवढा, टोकदार आणि ॲक्रिलिकचा. आजवर मी कुणालाही चावलेलो नाही, तरी मला पाहून भल्याभल्यांनी किंकाळ्या फोडल्या आहेत, आणि खरं सांगू का मित्रांनो, मला ते फार आवडायचं. सध्या माझा मुक्काम चारकोपला एका निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत आहे. डबी दोघांसाठी केलेली आहे आणि मी आत एकटाच आहे, त्यामुळे मला चैन म्हणून पडत नाही. कपाटाचं दार कुणी जरा जोरात लावलं की मी खुळखुळतो. घरच्यांना वाटतं, औषधाची गोळी असेल.

माझा जन्म कांदिवलीचा. तिथे दीप्तीताईंची दातांची लॅब आहे. एरवी त्यांच्या टेबलावर आजी-आजोबांच्या कवळ्या ओळीने मांडलेल्या असतात. त्या शांतपणे आपल्या मालकांची वाट बघत पडून राहतात. एके दिवशी मृणालिनीताई नावाच्या दिग्दर्शिका एका उंच, हडकुळ्या मुलाला घेऊन तिथे आल्या. तो सुयोग. त्याच्या तोंडात गुलाबी लगद्याचा साचा कोंबून माप घेतलं गेलं, त्यावरून प्लॅस्टरचे दात तयार झाले, आणि त्या दातांवर आम्ही दोघे भाऊ घडलो. मी उजवा, तो डावा. दीप्तीताईंनी आम्हाला इतकं घासून चकचकीत केलं की शेजारच्या कवळ्या आमच्याकडे बघतच राहिल्या.

"हे सुळे फक्त याच्याच दातांवर बसतील हं, दुसऱ्या कुणाच्या नाही," दीप्तीताई मृणालिनीताईंना म्हणाल्या. मग सुयोगकडे वळून त्यांनी विचारलं, "तारा काढल्यानंतर क्लिप दिलीय ना डॉक्टरांनी? रोज झोपताना लावतोस का? नाही लावलीस तर दात सरकतील, आणि मग हे सुळे बसायचे नाहीत."

"लावतो ना, रोज लावतो," सुयोग म्हणाला. तो धडधडीत खोटं बोलत होता. ते मला पुढे कळलं.

आमच्या सिनेमाचं नाव होतं 'चावरा चंद्र'. मुलुंडला डोंगराच्या कुशीत एक सोसायटी आहे, तिथे एक मुलगा राहायला येतो. तो व्हॅम्पायर असतो. कितीतरी वर्षं तो सतरा वर्षांचाच आहे, उन्हात गेला तर जळून खाक होईल म्हणून दिवसा पडदे ओढून बसतो. समोरच्या विंगमध्ये एक मुलगी राहते. पौर्णिमा आली की तिच्या अंगावर केस उगवतात आणि तिची लांडगी होते. गच्चीतून विचित्र आवाज येतात म्हणून लोक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रारी करतात. व्हॅम्पायर आणि लांडगे एकमेकांचे पिढीजात वैरी, आणि ही दोघं एकमेकांच्या प्रेमात! शेवटी मुलीला म्हातारं होताना आपल्याला बघावं लागेल, या भीतीने मुलगा तिला सोडून कायमचा निघून जातो. अशी ती गोष्ट होती. लांडगीचं काम मुलुंडच्याच सईने केलं होतं. उन्हाळ्यात तो केसाळ अंगरखा घालून ती इतकी वैतागायची की पौर्णिमा नसतानाही गुरगुरायची.

ते दिवस आमचे चैनीचे होते. सुयोगने ओठ जरा वर उचलला की अख्ख्या सेटचं लक्ष आमच्याकडे! "झकास रे! काय दात आहेत!" असं कॅमेरावाले म्हणायचे. सुयोगला तर आमचं वेडच लागलं होतं. सवय व्हावी म्हणून तो घरीही आम्हाला लावून बसायचा. त्याचे बाबा दशरथ मूळचे मालवणकडचे. ते ताटावरून ओरडायचे, "झिला, जेवताना तरी ते सुळे काढ मरे!" तो काढायचा नाही. आम्हाला तोंडात ठेवूनच वाटीभर सोलकढी प्यायचा. रोज रोज सोलकढी पिऊन आमच्या टोकांना हलका गुलाबी रंग चढला, आणि सेटवर मेकअपवाल्यांनी तो पाहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, रक्ताची छटा मुद्दाम दिली आहे. खरं काय ते आम्हा दोघा भावांनाच ठाऊक!

आणि एक दिवस शूटिंग थांबलं. कारणं मोठ्या माणसांची होती, मला ती कुणी सांगितली नाहीत. शेवटचा प्रसंग राहिला होता. "पुढच्या आठवड्यात उरकून टाकू," असं मृणालिनीताई म्हणाल्या. सुयोगने आम्हाला धुतलं, पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात ठेवली.

तो पुढचा आठवडा यायला वर्ष लागलं. अंधारात पडून राहण्याची सवय व्हॅम्पायरला असेल, त्याच्या सुळ्यांना नसते हो! दार वाजलं की मला वाटायचं, आलं बोलावणं. फोन वाजला की वाटायचं, आता निघायचं. मी या कडेवरून त्या कडेवर लोळायचो. डावा भाऊ समजूत घालायचा, "अरे, होईल सगळं नीट." मला त्याच्या त्या शांतपणाची चीड यायची. शेजारच्या डबीत सुयोगची क्लिप होती. तीही आमच्यासारखीच धूळ खात पडली होती. बाहेरून सुयोगचा आवाज यायचा, तो महिन्यागणिक जाड होत गेला. त्याची आई पँटींची दुमड उसवून त्या लांब करून थकली. सतरा वर्षांचा व्हॅम्पायर बाहेर वाढत होता आणि आम्ही होतो तेवढेच राहिलो होतो.

शेवटी बोलावणं आलं. सुयोगने डबी उघडली, आरशासमोर उभा राहिला आणि आम्हाला दातांवर चढवलं. दात जागचे हलले होते. मी कसाबसा दाताची कड पकडून राहिलो. भाऊ मात्र बसेचना, जिभेचा धक्का लागला की डुगडुगायचा. सुयोगच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने क्लिपच्या डबीकडे पाहिलं, पण आता पाहून काय उपयोग?

खरी धास्ती वेगळीच होती. सिनेमात पैसा घातलेल्या नंदकिशोर यांनी सेटवर आल्या आल्या सुयोगला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मृणालिनी, हा केवढा झालाय बघ! आवाज पण फाटलाय. कसला सतरा वर्षांचा? लोक हसतील आपल्याला."

"एक सीन राहिलाय हो. आज करून बघू ना."

"बघ. जमलं नाही तर त्या दुसऱ्या पोराला, धवलला घेऊन सगळं परत शूट करू. तो शोभतो सतराचा. दात काय, त्याच्या मापाचे दुसरे करून घेता येतील."

सुयोगने हे ऐकलं. मीही ऐकलं. आजचा दिवस फसला तर सुयोगचं सगळं काम कापून फेकलं जाणार होतं आणि आमची जागा धवलचे सुळे घेणार होते. मी भावाला बजावलं, काहीही झालं तरी सुटू नकोस, धरून ठेव. तो म्हणाला, "धरायला काही हाताला लागतच नाहीये रे."

शूटिंग चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होतं. भर दुपार होती. खिडक्यांना आणि दाराला काळं कापड लावून आत रात्र केली होती. सईने पंजे चढवले तेव्हा सुयोग तिच्या कानाशी कुजबुजला, "वाट लागलीय यार. डावा सुळा बसत नाहीये. कुणाला सांगू नको ना."

"येडा आहेस का? मृणालिनीताईला सांग."

"सांगितलं तर नंदकिशोर आत्ताच धवलला बोलावतील."

सईने पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला. "बरं, जिभेने दाबून ठेव. मी आहे समोर."

कॅमेरा सुरू झाला. जिभेने दाबायचं आणि बोलायचंही, हे कसं जमावं? तरी सुयोग बोलत होता. माझा जीव टांगणीला लागला होता. "तू मोठी होशील," तो म्हणाला, "तुझे केस पिकतील. आणि मी असाच राहीन. मी कधीच मोठा..."

आणि भाऊ सुटला. ओठावर आपटून तो फरशीवर पडला. टक्क असा आवाज अख्ख्या गाळ्याने ऐकला. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. सुयोगचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो मेकअप नव्हता.

मृणालिनीताई 'कट' म्हणणार, तेवढ्यात सई खाली वाकली. तिने केसाळ पंजाने भावाला उचललं, नीट निरखून पाहिलं आणि सुयोगकडे बघून म्हणाली, "अरे, तुझा दुधाचा दात पडला!"

सुयोगने उघड्या पडलेल्या दातावरून जीभ फिरवत तिच्याकडे पाहिलं.

"असा काय बघतोस? दुधाचे दात पडतात म्हणजे काय? म्हणजे तू मोठा होणार, येड्या!"

तेव्हा सुयोगला हसू फुटलं. ते पाठ केलेलं नव्हतं. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्याचा साधा, किंचित वाकडा दात, असं ते हसू होतं. त्याचा नवा जाड आवाज त्या हसण्यात पहिल्यांदा मोकळा झाला. मृणालिनीताईंचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. त्या 'कट' म्हणाल्याच नाहीत.

"चल," सईने त्याचा हात ओढला. "पत्र्यावर टाकायचा असतो. उंदराला सांगायचं, हा घे आणि नवा दे."

तिने दारावरचं काळं कापड फरकन बाजूला केलं. ऊन एकदम आत आलं. व्हॅम्पायरने डोळ्यांवर हात धरला, जळायची वाट पाहिली, आणि हळूहळू हात खाली घेतला. त्याचं काही झालं नव्हतं. तो उन्हात उभा होता. मीही होतो, आयुष्यात पहिल्यांदाच. कॅमेरा त्यांच्या मागून बाहेर आला. सुयोगने भावाला मुठीत घेतलं, उंदराला काय सांगायचं ते पुटपुटला आणि हात मागे घेऊन त्याला गाळ्याच्या पत्र्यावर भिरकावलं. पत्रा एकदा वाजला.

"आणखी एक टेक?" कॅमेरावाल्याने विचारलं.

"आता कुठला टेक?" मृणालिनीताई म्हणाल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. "दात गेला ना वर!"

नंदकिशोर बराच वेळ कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे शेवटी हा मोठा होतो तर. मग उंची वाढली ते बरंच झालं की!" धवलचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा सुयोग मला शर्टाच्या खिशात घालून बोरिवलीच्या थिएटरात घेऊन गेला. एका बाजूला दशरथबाबा, दुसऱ्या बाजूला सई. पडद्यावर मी दरवाजाएवढा दिसलो, लोक किंचाळले, पण मला त्यात पूर्वीची मजा येईना. मी भावाची वाट बघत होतो. तो सुटला, पडला, उन्हात चमकला आणि पत्र्यावर गेला. अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं. दशरथबाबा मोठ्याने म्हणाले, "माझो झील हा तो!" सुयोगने खिशात हात घालून मला घट्ट धरलं. मी आयुष्यभर चिकटून राहिलो याचा मला अभिमान होता, आणि सगळं वाचवलं ते सुटलेल्या भावाने.

सुयोग आणि सई एकदा त्याला शोधायला पत्र्यावर चढले होते. मिळाला नाही. "नेला असेल उंदराने," सई म्हणाली. सुयोग आता क्लिप रोज लावतो. माझी डबी मात्र तो जपून ठेवतो, पुसतो, परत कपाटात ठेवतो. प्रेमानेच ठेवतो, हे मला समजतं. पण आता माझी जागा त्याच्या तोंडात नाही, आणि भावाशिवाय या डबीतही नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमची क्लिप लावत जा, ते तर आहेच. पण कधी सुयोगदादा भेटला तर त्याला एवढं सांगा, की त्या सुळ्याला डबीत जपू नकोस. भर दुपारी त्या गाळ्यापाशी ने आणि त्याच पत्र्यावर भिरकाव. भाऊ तिथे कुठेतरी उन्हात पडला असेल. या वेळी मी धरून राहणार नाही.