लाल गोळ्याचा मासा

हॉब्सनच्या आमिषांच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक लाकडी वल्हं टांगलेलं आहे. एप्रिलमधली बास जातीचे मासे पकडायची स्पर्धा जो जिंकतो, त्याचं नाव तापलेल्या सळईने त्यावर कोरलं जातं. दुसऱ्या नंबरचं कोरत नाहीत. म्हणून वर्नेल मावशी आणि डॉयल काका बावीस वर्षं उतरून, चारदा दुसरे येऊनही वल्ह्यावर नव्हते. काकांचा धाकटा भाऊ वेंडेल मात्र सहा वेळा होता.

या वर्षी वल्ह्यावर एका ओळीची जागा उरली होती. पुढच्या वर्षी नवं वल्हं येणार होतं. मावशीला नवं नको होतं, हेच हवं होतं. तेवढ्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि होडीतली दुसरी जागा माझ्याकडे आली. मी नुकतीच जीवशास्त्राची पदवी घेऊन टेनेसीला घरी परतले होते.

"तुझ्या कॉलेजात गळ टाकायला शिकवतात का गं, टॅन्सी?" पहाटे होडी पाण्यात ढकलताना मावशीने विचारलं.

"माशाच्या पोटात काय आहे ते बघायला शिकवतात."

"म्हणजे उशिराचं शिक्षण."

नियम सोपे होते. होडीत दोघं, मासे जास्तीत जास्त पाच, आणि तेही जिवंत; ज्यांच्या माशांचं एकूण वजन जास्त, ते जिंकले. मेलेल्या माशामागे चार औंस, म्हणजे पाव पौंड, कापतात. दुपारी तीनच्या आत धक्क्यावर परतायचं, मिनिटभर उशीर झाला तर एक पौंड गेला. सहावा मासा लागला तर पाचांतला सगळ्यात लहान सोडायचा. तो झटकन ओळखू यावा म्हणून प्रत्येक माशाच्या जबड्याला एक चिमटा लावतात, आणि चिमट्याला दोरीने बांधलेला रंगीत गोळा होडीतल्या टाकीच्या पाण्यावर तरंगत राहतो.

सकाळी दक्षिणेचा उबदार वारा होता आणि आभाळ खाली आलं होतं. हवेचा दाब दर तासाला घसरत होता. मी वहीत आकडे लिहीत होते.

"काय म्हणतोय तुझा आकडा?"

"वादळाआधी मासे भरपूर खातील म्हणतोय."

"हे माझी कंबर काल संध्याकाळीच म्हणाली."

दोघींचंही बरोबर निघालं. दहा वाजेपर्यंत टाकीत पाच मासे होते. सगळ्यात मोठा सव्वाचार पौंडांचा, सगळ्यात लहान दोन पौंडांचा. मासे मावशी पकडत होती, मी वजन करून चिमटे लावत होते. मोठ्याला लाल, लहानाला निळा. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जड नमुन्याला लाल चिठ्ठी असायची, त्यामुळे मी विचारसुद्धा केला नाही.

अकराला पाऊस आला. आला म्हणजे तलावाचा पलीकडचा काठच पुसला गेला. आणि नेमका तेव्हाच माझ्या गळाला मासा लागला, तीन पौंडांच्या वरचा. मी एका हाताने गळाची काठी आणि दुसऱ्याने जाळं सांभाळत ओरडले, "मावशी, लहान सोड!"

मावशीने टाकीत हात घातला आणि लाल दोरी ओढली. मासा टाकीच्या काठावर आला, हाताला त्याचं वजन लागायच्या आत त्याने एक शेपटी मारली आणि थेट तलावात. चिमट्यासकट, गोळ्यासकट.

"मावशी! तो मोठा होता!"

"लाल म्हणजे लहान!"

"लाल म्हणजे मोठा!"

"अगं, बावीस वर्षं आमच्या होडीत लाल म्हणजे लहान! लाल म्हणजे आधी घराबाहेर!"

"मला सांगितलं कोणी?"

"तू विचारलंस कधी?"

मावशीच्या टोपीच्या टोकावरून पाण्याची धार लागली होती. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग होडी हलेपर्यंत. "दोघींनी मिळून माशाला दागिना घालून सासरी पाठवलं," ती म्हणाली. मग वीज चमकली आणि आम्ही पुलाखाली आसऱ्याला गेलो. तिथे डब्यातल्या हॅम घातलेल्या बिस्किटांचा, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावांचा, चिखल झाला होता, तोही आम्ही खाल्ला.

पाऊस थांबला तेव्हा एक वाजत आला होता. वारा उत्तरेकडून सुटला, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं आणि दाब सरळ वर चढू लागला. अशा हवेत बास तोंड शिवून बसतात. माझा नवा मासा धरून टाकीत जे पाच होते त्यांचं वजन होतं चौदा पौंड दोन औंस. एवढ्यावर वल्हं सोडा, साधी टाळीही मिळत नाही. पाऊण तासात दोघींच्या गळाला पानसुद्धा लागलं नाही.

तेवढ्यात मला लव्हाळ्यांच्या बेटाजवळ तो लाल गोळा दिसला. तो हलत होता. वाऱ्याच्या विरुद्ध.

मावशीने विजेची छोटी मोटर लावली आणि आम्ही आवाज न करता त्याच्या मागे निघालो. समोरून वेंडेलची होडी आली. त्याने गोळा पाहिला, आम्हाला पाहिलं.

"वहिनी, माशाला पट्टा बांधून फिरायला काढलंय का?"

"हो! तुझ्यासारखा उधळू नये म्हणून!"

"माझे साडेसतरा पौंड झालेत हं!"

"साडेसतरा म्हणजे सतराच असतील. तुझ्या बायकोला विचारते मी!"

गोळा पुढे जात राहिला आणि एका कोसळलेल्या मचाणापाशी थांबला. बदकांच्या शिकाऱ्यांनी कधीकाळी पाण्यात बांधलेलं ते. आता फळ्या अर्ध्या बुडालेल्या, त्यांत दोरी अडकली होती. मी जाळं उचललं.

"खाली ठेव ते," मावशी म्हणाली.

"अगं, आपलाच मासा आहे!"

"सकाळी होता. आता तलावाचा आहे. गळाने तोंडात धरला तरच आपला."

"कोण बघतंय?"

"तू बघत्येस की."

तिने वाकून दोरी सोडवली, चिमटा काढला आणि ओलं बोट माशाच्या पाठीवरून फिरवलं. सव्वाचार पौंड फळ्यांखालच्या काळोखात शांतपणे निघून गेले. मला रडू येत होतं. पण डोकं चालू होतं. हा मासा पकडला होता पाव मैलावर, पलीकडच्या टोकाशी. घाबरून, थकून तो एवढं अंतर कापून इथे आला, म्हणजे जवळपास याहून दाट आडोसा नाही. आणि ऊन कडक पडल्यावर बाकीच्यांनाही तोच हवा असणार.

"मावशी, त्याने पत्ता सांगितला आपल्याला."

तिने मचाणाकडे पाहिलं. सगळ्यात जड आमिष बांधलं आणि दोन फळ्यांमधल्या भोकात अलगद सोडलं. काही नाही. पुन्हा सोडलं. मी मोजत होते. अठराव्या वेळी काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं.

"जाळं! आता जाळं, पोरी!"

चार पौंड दहा औंस. सकाळच्या लालपेक्षाही मोठा, आणि तो नव्हेच, कारण याच्या जबड्यावर चिमट्याची खूण नव्हती. पंधरा मिनिटांनी त्याच भोकातून मला तीन पौंड पाच औंसांचा मिळाला. प्रत्येक वेळी लहान मासा सोडताना आम्ही दोघी मोठ्याने रंग म्हणत होतो, शाळेतल्या मुलांसारख्या. "निळा?" "निळा!" "पिवळा?" "पिवळा!"

तीनला वीस मिनिटं होती. उत्तरेचा वारा सरळ तोंडावर, लाटा होडीच्या नाकावर. टाकीत एक मासा आडवा झाला. त्याचे चार औंस गेले असते. मी सारा रस्ताभर गुडघ्यावर बसून, त्याला पाण्यात धरून, ताजं पाणी त्याच्या कल्ल्यांतून जाईल असं सरळ ठेवत राहिले. धक्क्याला लागलो तेव्हा दोन अट्ठावन्न झाले होते आणि त्याने माझ्या मनगटावर एक सणसणीत शेपटी मारली.

काका धक्क्यावर खुर्चीत पाय लांब करून बसले होते. "दुसरा नंबर ना?" त्यांनी सवयीने विचारलं.

वेंडेलचे सतरा पौंड सहा औंस भरले. मावशीने त्याच्या बायकोकडे बघून भुवई उडवली. मग आमची पिशवी काट्यावर गेली आणि आकडा थरथरत थांबला. सतरा पौंड नऊ औंस.

काका एका पायावर उभे राहिले, डॉक्टरांनी नको म्हणून बजावलं असतानाही. वेंडेलने टोपी काढली, ती मावशीच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "वहिनी, आता निदान रविवारच्या जेवणात तरी हा विषय काढू नकोस."

"काढणार. ख्रिसमसपर्यंत."

मासे परत तलावात सोडल्यावर मी वहीत हिशोब करून पाहिला. चूक झाली नसती, तर मचाणाचा पत्ता लागला नसता आणि आमचे सोळा पौंड सहा औंसच भरले असते. मी मावशीला दाखवलं. तिने वही बंद केली.

दुकानात तिने स्वतः सळई धरली. वर्नेल हे नाव एवढं ऐसपैस काढलं की ओळ जवळजवळ संपली.

"आणि मी?" काका म्हणाले.

"तू खुर्चीत होतास."

उरलेल्या कडेला तिने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कसंबसं बसवलं. मग सळई पुन्हा तापवून त्याच्या शेजारी एक छोटा गोल उमटवला.

"हे काय?" वेंडेलने विचारलं.

"तिसरा गडी," मावशी म्हणाली, आणि खिशातून लाल गोळा काढून वल्ह्याच्या खिळ्याला टांगला.