सुईण माओची होडी

मित्रांनो, मी कोकीच्या लाकडाची एक जुनी होडी आहे. कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवराकाठी, उंच खांबांवरच्या एका घराखाली मी सध्या पालथी पडलेली असते.

नुओन मिस्त्रींनी मला घडवलं तेव्हा वैशाखातलं रणरणतं ऊन होतं. सरोवर आटून लांब गेलं होतं, म्हशी भेगाळलेल्या जमिनीवर चरत होत्या. दोन महिन्यांत मेकाँग नदी फुगली आणि एरवी सरोवरातून निघून तिला मिळणारी आमची नदी तिच्या लोंढ्यानं दरवर्षीसारखी उलटी वाहू लागली. सरोवर पसरत पसरत गावात आलं. म्हशींच्या कुरणात मासे फिरू लागले, झाडं शेंड्यापर्यंत बुडाली आणि मी तरंगले!

माझी मालकीण सुईण माओ. तिच्याबरोबर मी किती घरांच्या शिड्यांना लागले, मोजदाद नाही. लोक म्हणत, "माओमावशीची होडी दिसली की निम्म्या कळा थांबतात." मी फुशारून जाई.

दर उन्हाळ्यात माओ माझ्या फटींत राळ भरायची. एका वर्षी मात्र कामाच्या धबडग्यात ते राहून गेलं.

त्याच वर्षी, सरोवर तुडुंब भरलेलं असताना, रिथ नावाचा कोळी धापा टाकत आला. त्याची बायको सिनात अडली होती. तिला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. निम्म्या वाटेत आभाळ काळंठिक्कर झालं आणि लाटा उसळल्या.

"मावशी, सरळ चला! दवाखाना समोरच आहे!" रिथ ओरडला.

"समोर आहे, पण आपण पोचायला नको का? झाडांत घे होडी!"

बुडालेल्या जंगलात वारा अडला. माओनं मला एका शेंड्याला बांधलं. तेवढ्यात माझी फट उघडली आणि पाणी आत येऊ लागलं. माओनं गळ्यातला चौकड्यांचा पंचा काढून फटीत कोंबला.

"रिथ, बघत काय बसलास? भाताचं पातेलं घे आणि उपस पाणी!"

"मावशी, मी सिनातला धरून बसतो."

"तिला मी बघते. तू पाणी उपस!"

सिनात कळांमध्येही हसली. "घरी पातेल्याला हात लावत नाही हो हा!"

पाऊस ओसरायच्या आत मुलगी झाली. तिचा पहिला ट्याहां ऐकून माझी फळीन् फळी शहारली. मी बुडाले नाही, एवढंच मला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी माओनं माझ्या कडेवर हात ठेवला. "चूक माझी होती गं," ती म्हणाली. एरवी ती कुणाकडे चूक कबूल करत नसे.

पुढे इंजिनाच्या होड्या आल्या. काही वर्षं पाणी उशिरा आलं, थोडंच आलं. मी घराखालीच राहिले, कोंबड्या माझ्या पोटाखाली अंडी घालू लागल्या. माओला आता नीट दिसत नाही. तरी दर वैशाखात ती बोटांनी माझ्या फटी चाचपते आणि राळ भरते.

"आजी, हिला आता कोण वल्हवणार?" शेजारीण चिडवते.

"मी नाही वल्हवणार. पण पाणी चढलं आणि कुणी अडलं, तर त्याला गळकी होडी देऊ का?"

मित्रांनो, तुमच्या घरातही निकामी पडलेलं काहीतरी असेल. त्याची डागडुजी कोरड्या दिवसांतच करा. पाणी दाराशी आलं की हातात वेळ उरत नाही.