पाय जिचा, शब्द तिचा

फिद्दाचा राग अपघाताचा नव्हताच. करक शहराच्या दक्षिणेला त्यांच्या गावाजवळ जे वळण आहे, तिथे आजवर तीन शेळ्या आणि एक गाढव गाडीखाली गेलं होतं. या खेपेला तिच्या लेकीचा, सुरय्याचा पाय जीपखाली सापडला. जीप जवळच जुने अवशेष खणणाऱ्या उत्खननवाल्यांची, चालवणारी त्यांची बेल्जियमची बाई, ग्रीट. नशिबात असतं ते होतं, त्याला कोण काय करणार? राग होता तो नंतरच्या अकरा दिवसांचा. अकरा दिवसांत ती बाई दारात आली नाही. आली ती फुलं, आणि वकिलाचं पत्र.

"म्हणे फुलं!" फिद्दा कडाडली. "पोर जिवंत आहे माझी!"

हे ऐकायला समोर अबू नायेफ होता. उत्खननावरचा मुकादम, पण माणूस याच गावचा.

"फिद्दा, त्यांच्याकडची रीत वेगळी आहे गं. ज्याला लागलं त्याच्या घरी जाणं म्हणजे त्याच्यावर दबाव टाकणं. वकिलाने तिला बजावलंय, तिकडे पाऊल टाकू नकोस, तोंड उघडू नकोस. रोज रडते बिचारी."

"मग इथे येऊन रडायला काय धाड भरली?"

अबू नायेफने हा निरोप जसाच्या तसा पोचवला. वकिलाला न विचारताच ग्रीट यायला तयार झाली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गावातली सात वडीलधारी माणसं तिला घेऊन फिद्दाच्या घरी आली. नवरा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द दिराचा, मुतलकचा असे. तो मध्ये बसला. बायका पडद्याआड. तिथेच गादीवर, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून सुरय्या पडली होती.

कॉफी आली. माफी मागायला आलेल्याने कप पुढ्यात ठेवायचा, मागणं मांडायचं, यजमानाने ते मान्य केलं की मगच प्यायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ग्रीटला मात्र एवढंच ठाऊक होतं, की अरबाघरची कॉफी नाकारली तर अपमान होतो. अबू नायेफ सलाम-खुशालीत गुंतला होता. तिने कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

बैठक गार पडली.

"झालं," कोपऱ्यातला एक म्हातारा पुटपुटला, "मागायच्या आधीच माफी पिऊन बसली!"

दोघंतिघं खाकरली, एकाला हसू आवरेना. मुतलकचा चेहरा लाल झाला. अबू नायेफने तिच्या कानाशी लागून सगळा प्रकार सांगितला, तशी ती पांढरीफटक पडून उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या अरबीत बोलू लागली.

"मला माहीत नाही होतं. रस्ता चांगला होता. ऊन पण डोळ्यावर नाही. मीच जोरात होते. चूक माझी."

पडद्याआड फिद्दाच्या छातीवरचा दगड थोडा हलला. हेच वाक्य बोलू नकोस म्हणून वकिलाने बजावलं असणार, हे कळायला तिला दुभाष्या नको होता.

मुतलकने घसा साफ केला. "परकी बाई आहे. तुमच्या पांढऱ्या दाढ्यांचा मान राखून आम्ही आमचा हक्क सोडून..."

फिद्दाचं लक्ष सुरय्याकडे गेलं. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. अकरा दिवस आपण हिच्यासाठी भांडतोय, पण हिला काय हवं, हे आपणही विचारलं नाही. तिने उठून सरळ पडदा सारला.

"भावोजी, थांबा. पाय तुमचा मोडलाय का?"

"वहिनी! बायका इथे बोलत नाहीत."

"नाही बोलत. पण ही परकी आत्ता बोलली, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. मग आपल्या पोरीचं ऐकायला काय कान झिजतात?"

सगळे सर्वांत वयस्क हाज मिफ्लेहकडे बघू लागले. त्याने काठी जमिनीवर टेकवली. "विचारा पोरीला."

सुरय्या गावच्या शाळेत मास्तरीण होती, पण त्या सात दाढ्यांपुढे तिचा आवाज सुरुवातीला फुटेना. मग तो चढला. "माफी तर तुम्ही पिऊन टाकलीत, आता ती काय परत ओतून घेऊ? पण शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तुमच्या जीपा या रस्त्याने नकोत. माझ्या मुली चालत येतात. एकच जीप येईल. तुमची. रोज मला शाळेत सोडायचं, परत आणायचं. आणि गाढवाच्या चालीने!"

हाज मिफ्लेह मोठ्याने हसला आणि त्याने पुढ्यात तसाच ठेवलेला आपला कप तोंडाला लावला.

दोन महिने ग्रीट रोज आली. एका सकाळी बोलता बोलता तिने फिद्दाला सांगितलं, आपल्या वडिलांनाही असंच गाडीने उडवलं होतं. चालवणारा कधी फिरकला नाही. आई दार वाजायची वाट पाहत राहिली.

"मग तुमच्याकडे काय, ज्याला लागलं त्याला कुणी विचारत नाही?"

"वकिलांनी वकिलांना विचारलं."

"म्हणजे आमच्यासारखंच," फिद्दा म्हणाली आणि तिच्या पुढ्यात आणखी एक भाकरी ठेवली.

प्लास्टर निघालं, पण सुरय्याचा पाय किंचित ओढतच राहिला. मुतलक तर महिनाभर घरी फिरकला नाही. मग वसंतात एकदा तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, नजर दुसरीकडे.

"खालच्या आळीत एका मुलीवरून तंटा झालाय. हाज मिफ्लेह म्हणतो, आधी पोरीचं म्हणणं ऐका. तिच्याशी बोलायला बाई हवी. वहिनी... येतेस का?"

फिद्दाने कणकेवर फडकं टाकलं, हात धुतले आणि सुरय्यालाही हाक मारली.