थोरल्याचा दाखला

कोणाची दमडीही कधी बुडवली नाही, म्हणून बँक आपल्याला पाटावर बसवून ओवाळणार, असं अच्युत खिरवडकरला अगदी मनापासून वाटत होतं. भोळाच म्हणायचा! छत्तीसगडात नवा रायपूरच्या मंत्रालयात कारकून असलेल्या, लग्न राहूनच गेलेल्या या माणसाची इच्छा तरी केवढी? तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट. जुन्या रायपुरातल्या तात्यापारा वस्तीतली भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि आई मीराबाईचे गुडघे पार गेलेले. दोन वर्षांत ती एकदाही खाली उतरली नव्हती. बिल्डरला बयाणा देऊन झाला होता. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं नाही, तर बयाणाही जाणार होता आणि फ्लॅटही.

बँकेतल्या श्रावणी मॅडमना मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई. "सर, स्कोर तो सात सौ नब्बे है, बहुत बढ़िया," त्या क्रेडिट रिपोर्ट वाचत म्हणाल्या. "पर आपका एक होम लोन पहले से चल रहा है. बिरगांव में घर है न आपका?"

अच्युत आधी हसला, मग त्यानं कागद ओढून घेतला. नाव त्याचंच, जन्मतारीख त्याचीच, पॅन नंबरही त्याचाच. अकरा वर्षांपूर्वीचं कर्ज, आणि हप्ता एका दिवसानंही कधी चुकलेला नाही. त्याच्या स्वतःच्या स्कूटरचा हप्ता दोनदा चुकला होता. म्हणजे हा बढ़िया स्कोर त्याचा नव्हताच, त्या दुसऱ्याचा होता, आणि हे त्याला उगीचच लागलं. पण तो हप्ता चालू असताना नवं कर्ज त्याच्या पगारात बसत नव्हतं.

जन्मतारखेवर त्याचं बोट अडलं, कारण ती मुळात त्याची नव्हती. त्याच्या आधीचा थोरला भाऊ, त्याचंही नाव अच्युतच, अडीच वर्षांचा होऊन तापानं गेला. पुढच्या साली हा झाला, तेव्हा "माझा पोट्टा वापस आला" म्हणत मीराबाईनं तेच नाव ठेवलं, आणि शाळेत घालताना पेटीत जपलेला थोरल्याचाच जन्मदाखला दाखवला. नव्यासाठी हेलपाटे कोण घालणार? त्याच तारखेवर नोकरी लागली, पॅन निघालं, सगळंच निघालं.

त्यानं तक्रार केली. 'हे कर्ज माझं नाही, दुसऱ्या माणसाचं आहे. आम्हां दोघांची खाती वेगळी करावी.'

तीन आठवड्यांनी नवा रिपोर्ट आला. तक्रार मान्य झाली होती, दुसऱ्या माणसाची खाती काढून टाकली होती. त्याच्या स्कूटरचं कर्ज गेलं होतं, फ्रिजचं गेलं होतं, तात्यापाऱ्याचा पत्ताही गेला होता. बिरगांवचं घर तेवढं राहिलं होतं, आणि स्कोर वाढला होता.

"बिरगांव वाले ने जन्म प्रमाणपत्र दिखाया है सर, ओरिजिनल," श्रावणी मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "आप अपना वाला ले आइए."

अपना वाला! ओरिजिनल तर आईच्या पेटीत होता. भर दुपारी, मिळेल त्या बसनं तो घर गाठता झाला आणि जिन्याशीच थबकला. मीराबाई खाली, पहिल्या पायरीपाशी, पेटीवर बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं.

"आई! तुले खाली कोणं आणलं?"

"त्यानंच आणलं उचलून. रिक्षा पाहाले गेला." तिचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता. "घर बांधलं म्हणे त्यानं. एक पायरी नाही ठेवली पाह्य, माह्यासाठी."

अच्युत दोन पावलं तिच्यापुढं आला. "आई, काहून असं बोलून राहिली? अच्युत मी हावो ना!"

मीराबाईनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत माया होती, पण ती शेजारच्या पोराकडे पाहावं तेवढीच.

"अच्युत तर तो होय रे," ती म्हणाली. "तुले मी काय नाव ठेवलं होतं?"