तेवीस नंबरचं सिद्ध यंत्र

दोन नंबरच्या लॅबमध्ये चपला पूर्वीपासूनच बाहेर काढत, धुळीमुळे. गेले तीन आठवडे त्याच चपला भक्तीमुळे निघत होत्या. आत चाळीस संगणक आणि त्यांच्यामागे खेटून उभी असलेली मंडळी: पोरं, प्राध्यापक, ग्रंथपाल, शिपाई आणि डोळे मिटलेले प्राचार्य. मधोमध ऊर्जागुरू, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले, हातात पितळी चकती.

"या यंत्रांचा आत्मा तहानलेला आहे," गुरू म्हणाले. "वीज सगळेच पाजतात. प्रेम कोण पाजतं?"

प्रेम कुणीच पाजलेलं नव्हतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. गुरूंनी चकती एका पडद्याला टेकवली, फुंकर मारली आणि म्हणाले, "प्रगट हो." सकाळपासून बेपत्ता असलेला डी ड्राइव्ह एकोणचाळीस पडद्यांवर एकदम परत आला. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या नेटवर्कवाल्यानं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

हा डी म्हणजे पोरांचा कप्पा. एकाच डिस्कचे दोन भाग केलेले. सीमध्ये मशीनचं स्वतःचं सामान, डीमध्ये पोरांचे प्रकल्प. रोज सकाळी डी नाहीसा व्हायचा आणि दुपारी गुरू आले की हजर. एकट्या तेवीस नंबरच्या मशीनला कधीच काही होत नसे. म्हणून गुरूंनी त्याला 'सिद्ध यंत्र' ठरवून टाकलं होतं. पोरं त्याच्या कीबोर्डवर हॉलतिकीट टेकवत. एका प्राध्यापकांनी बढतीचा अर्जही टेकवून घेतला होता, अर्थात कुणी बघत नसताना.

"रोगाचं मूळ याच खोलीत आहे," गुरू पुढे म्हणाले. "एका व्यक्तीच्या लहरी दूषित आहेत. नाव घेणार नाही." नाव न घेता ते दाराजवळच्या टेबलाकडे इतका वेळ बघत राहिले की शिपायालाही कळलं. त्या टेबलामागे लॅबवाल्या बाई उभ्या होत्या.

गर्दी पांगल्यावर प्राचार्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, शुक्रवारी शेवटचं बघू. तुम्ही खोलीत असताना डी पुन्हा गेला, तर सोमवारपासून जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसा. मनाला लावून घेऊ नका."

एकोणीस वर्षं ही लॅब पोटच्या पोरासारखी सांभाळलेल्या बाईंनी ते चांगलंच मनाला लावून घेतलं. घरी आल्या त्या तणतणतच.

सासूबाई भाजी निवडत होत्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "तुझी वही दे," त्या म्हणाल्या. प्रत्येक बिघाडाची वेळ वहीत लिहायची बाईंची जुनी सवय. सासूबाईंनी चष्मा लावला. "रोज दहा चाळीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आणि हे तीन दिवस कोरे का गं?"

"त्या दिवशी काही झालंच नाही, आई. नेटवर्कवाला मेव्हणीच्या लग्नाला गेला होता."

"मग भूतही वऱ्हाडात गेलं असेल. आणि तो तुमचा सिद्ध पुरुष?"

"तेवीस नंबर? त्याची तर नेटवर्कची केबल तुटलीय. तीनदा तक्रार लिहून दिली, पण त्या मेल्यानं अजून..." बाई बोलता बोलता थांबल्या. लॅबमधल्या सगळ्या मशीनना हुकूम नेटवर्कवाल्याच्या ताब्यातल्या एकाच मुख्य संगणकावरून सुटत, आणि जात ते केबलमधून.

"लगेच बोंब मारत सुटू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आधी करून बघ."

शुक्रवारी लॅब पुन्हा गच्च भरली. बाई आपल्या खुर्चीत मुकाट बसल्या होत्या. दहा चाळीसला पडद्यांवरून डी गेला. गुरूंनी दाराकडे बोट केलं. "बघा. लहरी."

तेवढ्यात शिपाई म्हणाला, "साहेब, तेवीसचापण गेला की."

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सात नंबरचा आहे अजून."

गुरूंची जीभ कसलेली होती. "तेवीसनं आपली सिद्धी सातला दान केली. त्याग आहे हा."

"दान मी केलं," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी तेवीसला नवी केबल लावली आणि सातची काढून ठेवली. दुसरं काही केलेलं नाही. आता गुरुजींनी सातवर उलटी फुंकर मारावी. सातचा डी घालवून दाखवला, तर मी उत्तरपत्रिकांच्या खोलीत जायला तयार आहे."

गुरूंनी चकती उचलली आणि कोपऱ्याकडे बघितलं. नेटवर्कवाल्याला घाम फुटला होता. "मामा, एक मिनिट थांबा," तो म्हणाला. तीन आठवडे गुरुदेव, गुरुदेव करणाऱ्याच्या तोंडून हा मामा निघाला आणि लॅबमधल्या सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"सर," बाई म्हणाल्या, "मशीन बसवली तेव्हाचा बंद लिफाफा तुमच्या कपाटात आहे. त्यात मुख्य पासवर्ड आहे. तो आणा आणि तेवीसवर तुम्हीच बसा."

प्राचार्यांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. बाई सांगतील तसं करत गेले. पडद्यावर डिस्कचा नकाशा उघडला. डीचा कप्पा जागच्या जागी होता, अख्खा, भरलेला.

"कप्पा कुठंही गेलेला नाही," बाई म्हणाल्या. "फक्त त्याचं 'डी' हे अक्षर काढलंय. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही, बाहेरच्याला सापडत नाही इतकंच. अक्षर निवडा आणि ओके दाबा."

प्राचार्यांनी दाबलं. डी परत आला, फुंकरीविना.

मग बाईंनी शेजारच्या मशीनची नोंदवही उघडली. आपल्याला आलेला प्रत्येक हुकूम मशीन स्वतःच लिहून ठेवतं. रोज दहा चाळीसला 'अक्षर काढा', दुपारी फुंकरीच्या क्षणी 'अक्षर लावा'. पाठवणारा एकच, नेटवर्कवाला. मामाच्या चकत्या कॉलेजला विकून सगळ्या मशीनवर चिकटवायच्या आणि तक्रारी लिहिणारी बाई कायमची हलवायची, असा एका दगडात दोन पक्षी मारायचा बेत होता. पण तेवीसची केबल बदलायचा आळस नडला. मामा गर्दीतून कधी सटकले ते कळलंच नाही. दारात एक चप्पल आणि टेबलावर पितळी चकती राहिली होती.

प्राचार्य खुर्चीतून उठले, घाम पुसला आणि सद्गदित होऊन म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो."

बाईंचा संताप तेव्हा खरा उसळला. "हात तुमचा होता, सर," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे माझ्या लहरी मोजल्यात. एकदा केबल मोजली असती तरी चाललं असतं."

सोमवारी बाई आपल्याच टेबलामागे होत्या. टेबलाचा हलणारा पाय पितळी चकतीवर टेकवला होता. तेवीस नंबरवर कुणी हॉलतिकीट ठेवायला आलं की त्या वर भिंतीकडे बोट दाखवत. तिथं त्यांच्या अक्षरात लिहिलेला कागद होता: काही गायब झालं तर आधी केबल बघा. मग वेळ लिहा. मग ते कुणी केलं असेल, हे विचारा. एवढं करून झालं आणि तरीही हात जोडावेसे वाटले, तर बाहेर जाऊन जोडा. इथं दोन्ही हात कामाला लागतात.