सव्वासहाचं माप

निवृत्त निरीक्षकांनी मेणबत्तीवर लाख धरली आणि तिचे दोन थेंब कमरेच्या पिशवीला बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीवर पाडले. वर अंगठी दाबून ठसा उमटवला. पिशवीत त्यांच्या हृदयाला जोडलेल्या पंपाचा कंट्रोलर होता. तीस वर्षं पेट्रोलपंपांची मापं तपासलेल्या माणसाच्या छातीतच पंप बसवावा लागला, याचं वजनमापे खात्यात अजून कौतुक चालू होतं.

"अहो, हे कशाला?" बायकोने विचारलं.

"आतली बटणं कोणी दाबू नयेत म्हणून. आकडा पिशवीच्या काचेतून दिसतोच."

"कोण दाबणार?"

निरीक्षकांनी मेणबत्ती विझवली. चौकशी चालू असताना संबंधितांच्या नातेवाइकांशी बोलायचं नसतं.

संबंधित म्हणजे मेहुणा. टीव्ही दुरुस्त करायचा; झाकण दिसलं की त्याचे हात शिवशिवत. रोज सव्वासहाला "भाऊजी, काय म्हणतोय पंप?" करत यायचा, पिशवी चाचपायचा, आणि सकाळी मिनिटाला चार पॉइंट आठ लिटर रक्त दाखवणारा आकडा चार पॉइंट एकवर यायचा. बायको दोन्ही आकडे वहीत लिहायची. मग बहीणभाऊ स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचे. मालक आणि नोकर असे कुजबुजायला लागले की तराजूखाली हमखास चुंबक सापडतो, हा निरीक्षकांचा अनुभव होता.

मोहोर लावली त्याच दिवशी मेहुणा कामासाठी परगावी गेल्याचं बायकोने सांगितलं. चोराला सुगावा लागला होता. पण चार दिवसांनी मोहोर शाबूत आणि संध्याकाळचा आकडा तीन पॉइंट तीन.

इस्पितळातल्या तंत्रज्ञ बाईंनी कात्रीने गाठ कापली. निरीक्षकांनी लाखेचा तुकडा पुरावा म्हणून खिशात टाकला. बाईंनी कंट्रोलरमधल्या नोंदी पडद्यावर उघडल्या.

"पंपाचा वेग तीन महिन्यांत कोणी बदललेला नाही. तो फक्त आमच्या मशीनवरूनच बदलतो."

"मग माप कमी का?"

"पंप तेवढाच फिरतो. पण रक्तदाब चढला की त्याला पुढे ढकलायला जड जातं, रक्त कमी जातं. अडीचच्या खाली गेलं तर भोंगा वाजेल, मग मात्र धावतच या." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "रोज सव्वासहालाच पडतंय. तेव्हा काय करता तुम्ही?"

"काही नाही. बसलेला असतो."

"दाराआड," बायको म्हणाली. "लिफ्टचा आवाज ऐकत."

"तो आलाच नाही, तरी पडलं!"

"मीच सांगितलं होतं त्याला, चार दिवस येऊ नकोस म्हणून. म्हटलं, बघू तरी."

निरीक्षकांनी खिशातला तुकडा चाचपला. एवढी साधी तपासणी त्यांना सुचली नव्हती.

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्तदाबाची गोळी वाढवली. दोघं घरी आले.

सव्वासहाला बेल वाजली. निरीक्षक खुर्चीतच बसून राहिले.

"भाऊजी, काय म्हणतोय पंप?"

"बघ ना तूच," म्हणत त्यांनी पिशवी पुढे केली. मेहुण्याने ती हातात घेतली, तशी त्यांची मान ताठ झाली.

"किती दाखवतंय गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायको वाकली. तिने कंट्रोलरवरच्या आकड्यावर अलगद अंगठा ठेवला.

"चार पॉइंट आठ."

निरीक्षकांनी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. तो काढ, असं काही ते म्हणाले नाहीत.

"लिही," ते म्हणाले.