फोडलेले दाणे

"दाणे अख्खेच द्यायचे बरं का, फोडायचे नाहीत," गुरांचा डॉक्टर अंगणात सुनेला सांगत होता. काकू तेव्हा आत देवापुढे बसल्या होत्या. मी एक जुना दगडी खलबत्ता आहे, मित्रांनो. खिडकीतल्या फळीवरून मी सगळं ऐकलं. पण माझं तोंड सदा उघडं असलं तरी त्यातून शब्द फुटत नाही.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. चाळीस वर्षं मी या घरातली औषधं कुटली. "याच्याइतकं बारीक कुणी करत नाही," असं काकू म्हणत आणि मी फुगून जाई. मग विजेचं यंत्र आलं नि मी फळीवर धूळ खात बसलो.

ठिपकी ही घरची उतारवयाची गाय. सातव्यांदा व्याल्यानंतर तिच्या दुधातलं सत्त्वच गेलं. दहीवाला टोमणा मारी, "काकू, तुमच्या दुधाच्या दह्यात चमचा पोहतो." डॉक्टर म्हणाला, दुधातली प्रथिनं ज्यातून घडतात, त्यातलं एक अमिनो आम्ल तिच्या चाऱ्यात कमी पडतंय. म्हणून त्याने त्याच आम्लाचे, वरून लेप दिलेले ते दाणे दिले होते. काकांनी दोन महिन्यांची मुदत घातली. तोवर दूध सुधारलं नाही तर ठिपकी दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला, की तशी वेळ आलीच तर परक्याच्या हाती दोर देणार नाही, मी स्वतः तुला पोचवीन.

दुसऱ्याच दिवशी सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि गडबडीत डॉक्टरचं बोलणं काकूंना सांगायचं राहूनच गेलं. काकूंनी ते टणक दाणे बोटांनी चाचपले. "दात झिजलेत बिचारीचे," म्हणत त्यांनी मला उतरवून गोठ्याच्या ओट्यावर ठेवलं. किती वर्षांनी कुणाला माझी आठवण झाली होती! डॉक्टरचं बोलणं मी विसरलो नव्हतो, तरी सुखावलो. रोज त्या दाण्यांचं पीठ करत राहिलो.

मुदत संपली. दूध होतं तसंच. डॉक्टरने माझ्या तळाशी बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट बघत राहिला.

"काकू, लेप फुटला की औषध पहिल्याच पोटात, कोटीपोटात, नासून जातं. ते पुढे आतड्यापर्यंत पोचायला हवं होतं."

"म्हणजे मीच..." काकू म्हणाल्या.

काका खाली बघत पुटपुटले, की आता ठिपकीला घेणाऱ्याला शब्द दिलाय, नवी गाय वाटेत आहे, आणि गोठ्यात जागा एकीचीच.

मित्रांनो, माया करण्याआधी नीट विचारून घ्या. मला तेही जमणारं नव्हतं. बारीक करणं तेवढं मला येत होतं, आणि ते मी फार चांगलं केलं.

काकूंनी हात धुतले, चपला घातल्या. ठिपकीचा दोर सोडला आणि तिच्या चालीने चालत त्या फाटकाबाहेर पडल्या.